कुंडलांमागच्या कानांना

पांडुरंगा, तुझ्या रूपाचं वर्णन करणारे मकरकुंडलांपर्यंत येतात आणि लगेच गळ्यातल्या तुळशीमाळेवर उतरतात. कुंडलं ज्यांत घातली आहेत त्या कानांपाशी फारसं कुणी थांबत नाही. मला आज त्यांच्याशीच बोलायचं आहे. हात कटेवर, पाय विटेवर. युगानुयुगं तू जे करतोस ते ऐकण्याचंच काम असावं, असा माझा आपला समज आहे.

मागणं नंतर. आधी आभार.

घरातली कुठलीही सकाळ घे. कुकरची शिट्टी, मोरीत बादलीत पडणारं पाणी, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, खाली दूधवाल्याची मोटरसायकल, समोरच्या झाडावरचा कोकीळ, आणि या सगळ्यात आईची हाक. यांतला एकही आवाज सुटा येत नाही. हवेची एकच थरथर कानाच्या पडद्यावर येऊन आदळते, आणि तो पडदा जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. यात शिट्टी इतकी, पाणी इतकं, आई इतकी, अशी वाटणी त्या थरथरीवर कुठं लिहिलेली नसते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९० साली या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एक कोडं घातलं आहे. तळ्याच्या काठावर दोन चिंचोळे चर खणायचे, तळ्याचं पाणी आत येऊ द्यायचं, प्रत्येक चरात एकेक हातरुमाल ताणून बसवायचा. मग तळ्याकडे अजिबात न बघता, फक्त त्या दोन रुमालांची हालचाल पाहून सांगायचं: तळ्यात होड्या किती, कुठली जवळ, कुठली लांब, वारा सुटलाय का. वाचताना हसू येतं, कारण हे कुणाला जमणार? आणि दोन कान घेऊन आम्ही जन्मभर हेच करतो, तेही भाजी चिरता चिरता.

कानाच्या आत तू जी पिळदार नळी ठेवलीस, तिच्यात खालचे स्वर एका टोकाला आणि वरचे दुसऱ्या टोकाला असे वेगळे होतात. तिथून मेंदूकडे खबर धाडणाऱ्या पेशी प्रत्येक कानात सुमारे साडेतीन हजार, बस. पण ही वाटणी उंचीप्रमाणे होते, मालकाप्रमाणे नाही. आईच्या एका हाकेत कितीतरी उंचीचे स्वर असतात, पाण्याच्या आवाजातही असतात, आणि नळीत ते एकमेकांच्या जागांवर जाऊन बसतात. कुणाचं कुठलं, हे मेंदू पुढं जुळवतो. जे एकदम सुरू झालं आणि एकदम थांबलं ते एकाचं. जे एकाच मूळ स्वराच्या पटीत आहे ते एकाचं. जे एकाच बाजूनं आलं तेही बहुधा एकाचंच. हा हिशेब आम्हाला कुणी शिकवलेला नाही. बुडापेस्टच्या इश्तवान विंकलर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली, जगात येऊन मोजके दिवस झालेल्या बाळांच्या मेंदूचे विद्युतसंकेत नोंदवले, तेव्हा त्या बाळांचा मेंदूही मिसळलेल्या स्वरांच्या वेगवेगळ्या ओळी लावतो आहे असं दिसलं. ज्यांना अजून मानही सावरता येत नाही, त्यांना तू हे आधीच देऊन पाठवतोस. न मागता मिळालेल्या या शहाणपणाबद्दल मी हात जोडते.

आता ज्या गोष्टीसाठी आले तिच्याकडे वळते.

सगळंच तू आपोआप होणारं ठेवलं नाहीस. १९७५ साली आइंडहोवनमध्ये लेओन व्हान नोर्डन नावाच्या संशोधकानं आपल्या प्रबंधासाठी अगदी साधे स्वर वापरले. खालचा, वरचा, खालचा, मग क्षणभर विश्रांती. पुन्हा खालचा, वरचा, खालचा. दोन्ही स्वर उंचीनं जवळ असले आणि लय सावकाश असली, की घोडा दौडत गेल्यासारखी एकच चाल ऐकू येते. स्वर लांब असले आणि लय जलद केली, की चाल मोडते आणि दोन वेगळ्या ओळी ऐकू येतात, एक खाली, एक वर. मग कितीही प्रयत्न करा, दौड परत येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये मात्र एक पट्टा आहे. तिथं एक ऐकायचं ठरवलं तर एक ऐकू येतं, दोन ऐकायचं ठरवलं तर दोन. आवाज तोच, कान तेच, फरक पडतो तो ऐकणाऱ्याच्या इच्छेनं. व्हान नोर्डननं आलेखावर या पट्ट्याच्या दोन्ही कडांना रेषा आखल्या. त्या रेषांच्या मधली जागा तू माझ्यावर सोपवलीस असं मी समजते, आणि माझी आजची प्रार्थना तेवढ्याच जागेपुरती आहे.

ही जागा मला पहिल्यांदा भेटली ती तंबोऱ्यापाशी. तुला तंबोरा काय सांगायचा? त्याचा भोपळा बरेचदा तुझ्याच पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो आणि मिरजेला जाऊन वाद्य होतो. चार तारा: पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. गंधाराची तार नाही. तरीही वाद्य नीट जुळलं आणि घोडीवरचा जवारीचा दोरा नेमक्या जागी बसला, की खर्ज छेडल्यावर त्यातून गंधार वर येतो. कुणी न छेडलेला म्हणून गवयांनी त्याला स्वयंभू म्हटलं. हिशेबानं पाहिलं तर खर्जाच्या कंपनाच्या पाचपट कंपनाचा तो अंश, दोन सप्तकं ओलांडून वर बसलेला. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्याहून लिहिलेल्या लेखात तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीचं वैशिष्ट्य सांगितलं आहे. नेहमीच्या नियमानं तार जिथं छेडावी तिथं स्थिर बिंदू असलेले उपस्वर उमटायला नकोत. या रुंद, किंचित गोलावलेल्या घोडीवर तार घासत राहते आणि ते उपस्वरही जोमानं उमटतात. म्हणजे गंधार हा काही भाबड्या कानाचा भास नव्हे. तो हवेत असतोच.

पण असतो म्हणून ऐकू येत नाही, देवा. गाणं शिकायला लागल्यावर कितीतरी काळ मला फक्त एक गोड गुंजारव ऐकू यायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. बाईंनी मग एक युक्ती केली. त्यांनी गंधार अगदी हलका गाऊन दाखवला, गप्प झाल्या आणि लगेच खर्ज छेडला. त्यांनी नुकताच गाऊन सोडलेला स्वर तारेतून निघताना मला ऐकू आला. पुढं कळलं की हर्मन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६३ सालच्या ग्रंथात हीच रीत सांगून ठेवली आहे: जो उपस्वर ऐकायचा तो आधी हळूच वाजवा, मग लगोलग खालचा स्वर जोरात वाजवा. त्याचं असंही म्हणणं होतं की उपस्वर वेगळे ऐकायला संगीताच्या तालमीपेक्षा लक्ष वळवण्याची शक्ती जास्त लागते. हे वाचून मी सुखावले, खोटं कशाला बोलू. वर्गातल्या हुशार मुलींवर परस्पर सूड उगवला गेला.

मात्र एकदा गंधार सापडला, की तंबोरा पूर्वीसारखा एकसंध ऐकणं अवघड होतं. आता मला तो हवा तेव्हा दिसतो, नको तेव्हाही दिसतो. (कानाला दिसतो म्हणते मी. तू समजून घे.) विद्युत तंबोऱ्याच्या डबीतही मी त्याला शोधते.

त्या बाईंनी मला नवा कान दिला नव्हता. कुठं बघायचं ते दाखवलं. पांडुरंगा, माझं पहिलं मागणं हेच. मला कुणीतरी हलका स्वर आधी लावून दाखवणारं मिळत राहो. घरात एखाद्याच्या बोलण्याखाली दुसरंच काही बोललं जात असतं, आणि मी वरचा गुंजारवच गोड मानून घेते, तेव्हा तर फारच.

दुसरं मागणं जरा अडचणीचं आहे. लहानपणापासून तुझ्याकडे एकाग्रता मागायला शिकवलं आम्हाला. चित्त एका जागी राहो, इकडंतिकडं न जावो. मीही ते मागत आले. पण कॉलिन चेरी या संशोधकाचं १९५३ सालचं काम वाचलं आणि मागताना जीभ अडखळायला लागली. त्या काळी विमानतळावरच्या नियंत्रकांना अनेक वैमानिकांचं बोलणं एकाच कर्ण्यातून ऐकावं लागे, आणि गोंधळ होई. चेरीनं लोकांच्या एका कानात एक मजकूर आणि दुसऱ्या कानात दुसरा मजकूर सोडला, आणि एका कानातला शब्द न् शब्द मोठ्यानं म्हणत राहायला सांगितलं. लोकांना ते सहज जमलं. मग त्यानं विचारलं, दुसऱ्या कानात काय होतं? पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली, हे लोकांनी ओळखलं. पण इंग्रजी सोडून तो आवाज जर्मन बोलू लागला होता, हे कित्येकांना कळलंच नव्हतं. १९५९ साली नेव्हिल मोरेनं आणखी पुढं जाऊन त्या दुर्लक्षित कानात काही सोपे शब्द ३५ वेळा म्हटले. नंतर विचारलं तर ऐकणाऱ्याकडे त्यांचा मागमूस नाही.

३५ वेळा, देवा. बहिऱ्याला नव्हे, धडधाकट कानाच्या माणसाला. कानाच्या पडद्यापर्यंत, त्या साडेतीन हजार पेशींपर्यंत, शब्द पस्तीसही वेळा पोचले होते. आमच्या घरांत, कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढं, दवाखान्यांच्या रांगांत किती जण चौतिसाव्या वेळेवर उभे असतील, हे तुझ्याशिवाय कोण मोजणार?

मोरेला एक गोष्ट मात्र आत शिरताना सापडली: स्वतःचं नाव. दुर्लक्षित कानात नाव घेतलं तर साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. म्हणजे माझ्यासाठी दार किलकिलं ठेवायला तुला सांगायची गरज नाही, तेवढी सोय करूनच तू पाठवलं आहेस. आणि आता अडचण ऐक. २००१ साली काही संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, आणि आधी प्रत्येकाची डोक्यात एकावेळी किती गोष्टी धरून ठेवता येतात याची परीक्षा घेतली. ज्यांची ती ताकद मोठी, ज्यांना आपण एकाग्र म्हणू, त्यांच्यातल्या फक्त २० टक्क्यांना आपलं नाव ऐकू आलं. ज्यांची कमी, त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांना आलं. जो उत्तम लक्ष देतो तो उत्तम वगळतोही. म्हणून मला नुसती एकाग्रता देऊ नकोस. थोडी गळकी दे. जप चालू असताना पलीकडच्या खोलीत कुणी कण्हलं तर ते आत येऊ दे, आणि मग जप मोडला म्हणून तू रुसू नकोस. माझं नाव नाही ऐकू आलं तरी चालेल, दुसऱ्याचं यावं.

तिसरं मागणं आईसाठी आहे. तिचं म्हणणं तू ऐकलं असशीलच: ‘ऐकू येतं गं, पण कळत नाही.’ आम्ही घरचे कितीतरी दिवस याला तिचा हट्ट समजत होतो, कारण एकटी असली की तिला सगळं ऐकू येतं आणि चार माणसं जमली की काही नाही. त्यात हट्ट नाही. वयानं कानातल्या ज्या बारीक पेशी जातात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या गेल्या की आवाज नुसता लहान होत नाही, स्वरांच्या कडा पुसट होतात. शेजारशेजारचे आवाज एकमेकांवर पसरतात. लक्ष आवाजाच्या ओळींतली एक निवडू शकतं, पण ओळीच लागल्या नसतील तर निवडणार काय? कानाचं मशीन लावलं की भांड्यांचा आणि पंख्याचा आवाज आधी मोठा होतो. ती मन लावून ऐकते, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. संध्याकाळपर्यंत ऐकूनच दमते. जो पट्टा तू मला रुंद ठेवला आहेस तो तिचा चिंचोळा होत चालला आहे. तिला ‘लक्ष दे ना जरा’ असं म्हणणाऱ्यांची जीभ आवर. त्यात मीही आले, म्हणून आधी माझी.

आणि आता तुलाच विचारते, तू हे कसं करतोस?

आषाढीला लाखो माणसं तुझ्याकडे येतात. आम्ही एक आवाज धरायचा तर बाकीचे सोडतो, त्याशिवाय धरताच येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूवर उपचारासाठी ठेवलेल्या तारांमधून हे मोजलं गेलं आणि २०१२ साली प्रसिद्ध झालं: दोघं जण एकदम बोलत असताना ऐकणाऱ्याच्या मेंदूत उमटतो तो मुख्यतः ज्याच्याकडे लक्ष आहे त्याचाच आवाज. दुसरा जणू खोलीतच नव्हता. तुझ्यावर हा नियम लागू असेल, तर मग एका वेळी एकाच वारकऱ्याचं ऐकून होतं, बाकीचे विटेसमोरून नुसते सरकतात. लागू नसेल, तर सगळ्यांचं एकदम ऐकणं कसं असतं, याची मला कल्पनाही करता येत नाही, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटत नाही.

त्यात गजर. सगळे एकच नाव एकदम सुरू करतात आणि एकदम थांबतात, टाळ एकदम पडतात. वर सांगितलेल्या हिशेबानं हे सगळं एकाचंच ठरायला हवं. वेगळं ओळखू येण्याच्या ज्या ज्या खुणा, त्या सगळ्या गजरात आपणहून मोडलेल्या असतात. वारकऱ्यांना कुणी ध्वनिशास्त्र शिकवलं नाही, तरी एक व्हायचं कसं ते त्यांना नेमकं ठाऊक आहे. पण त्यांना वेगळं व्हायचंही ठाऊक आहे, आणि ते मला जास्त थक्क करतं. माउलींच्या पालखीच्या तळावर संध्याकाळी समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या जमतात. टाळ-मृदंग चालू असतो. चोपदार हातातला चोप वर करून पुकारा करतात आणि अख्खा तळ गप्प होतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तेवढी दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. त्या टाळांच्या रोखानं चोपदार जातात, म्हणणं ऐकून घेतात, वाद मिटवतात, आणि मगच आरती होते. ज्याचं दुखतंय त्याला घसा ताणावा लागत नाही, बाकीच्यांनी हात थांबवायचे असतात.

आमच्या घरात, देवा, असा एक चोपदार पाठव. रात्री जेवताना तरी. दूरदर्शनचा संच, मोबाईल, मिक्सर, आणि मुख्य म्हणजे माझं स्वतःचं बोलणं, सगळं त्यानं चोप वर करून थांबवावं, आणि मग कुणाचे टाळ वाजतायत ते मला कळावं. माझे वाजत असतील तर तू ये. चुकून आलास तर तुला बसायला जागा करू.

शेवटचं किरकोळ आहे, पण तातडीचं. मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे आणि आईला जायचंच आहे. हॉलमध्ये बँडवाला असणार, कर्णे भिंतीभिंतीला असणार, त्यांतून सनई, मंगलाष्टकं आणि गाड्यांचे नंबर एकाच पट्टीत येणार. मी नवऱ्यामुलाच्या मामांशी बोलून ठेवलंय, तू ते त्यांच्या लक्षात राहू दे. आईला भिंतीकडेची खुर्ची मिळू दे, पाठ भिंतीला, म्हणजे मागून येणारा कल्लोळ तरी कमी होईल. डोक्यावर कर्णा नको. उजेड समोरच्या माणसाच्या तोंडावर पडू दे, म्हणजे ओठ दिसले की शब्द जुळतात. भेटायला येणाऱ्यांनी एकेकट्यानं यावं, ओरडू नये, तिच्याकडे बघून बोलावं. आणि ध्वनिक्षेपकावर बसलेल्या त्या मुलाला सांग की आवाजाची खुंटी डावीकडेही फिरते.